पाण्यात उतरणारी चाकोरी

मुलगा शिकायला बेंगळुरूला गेला तेव्हा त्याच्या खोलीतलं सगळं मी आवरून ठेवलं, एक सायकल सोडून. ती गॅलरीत उभी राहिली. कोथरूडच्या कुठल्याही गॅलरीत उभ्या राहिलेल्या सायकलीचं जे होतं तेच तिचंही झालं. आधी हँडलवर एक टॉवेल आला, मग सीटवर पायपुसणं, आणि दिवाळीच्या सुमारास तिच्या दांडीला कांद्याची पिशवी लटकायला लागली. एका रविवारी भंगारवाला खालून ओरडत होता. सासूबाई सहज म्हणाल्या, "ती द्यायची का गं?" मी सायकल खाली उतरवली ती द्यायलाच. पण लिफ्टमध्ये ती उभी मावेना, म्हणून मागच्या चाकावर उभी धरून तिला मिठी मारून उतरले, आणि खाली आल्यावर द्यायच्या ऐवजी वर बसले.

मी सदाशिव पेठेत वाढले. तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून मी सायकल शिकले, आणि अकरावीपासून नोकरी लागेपर्यंत सायकलवरच फिरले. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची मी शेवटची पिढी. त्यामुळे सायकल आपल्याला येते, हा माझा समज पक्का होता. ही सायकल चालवायला लागल्यावर महिन्याभरात तो उतरला. जाड, गोट्यागोट्यांचे टायर, एकोणतीस इंची चाकं, पुढे मोटरसायकलसारखा शॉक, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून पाहिल्या तर ती जणू काही झालंच नाही अशी उतरली. मी मात्र हँडलवरून पुढे जाता जाता राहिले.

वेताळ टेकडीवर थोडा सराव केला, पण तिथं मन रमलं नाही. पहाटे पाचपासून तिथं माणसं चालत असतात, त्यांच्यात अर्धे आपल्या ओळखीचे, आणि मागून सायकल आली की ते ज्या नजरेनं बघतात त्या नजरेपुढे उतारावरची सगळी मजा संपते. त्यांचंही खरंच आहे. ऑफिसातला एक सहकारी आणि त्याची कॉलेजात जाणारी भाची दर दोन-तीन आठवड्यांनी सायकली गाडीच्या मागे बांधून मुळशीच्या तळ्याकडे जातात असं कळलं, आणि मी त्यांच्यात स्वतःला घुसवून घेतलं. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड. सहा वाजता निघालं तर हा रस्ता सुखाचा. नऊ वाजता निघालं तर ताम्हिणीला निघालेलं अख्खं पुणं तुमच्या पुढे असतं, तेही गाणी लावून.

तळ्याच्या दक्षिणेनं ताम्हिणीचा डांबरी रस्ता जातो. रिसॉर्टं, कणसं, फोटो, सगळं त्या बाजूला. आम्ही जातो ते दुसऱ्या अंगाला. कुठल्या वस्तीपाशी गाडी लावतो ते लिहीत नाही. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथं तीस गाड्या उभ्या राहतात, आणि त्या वस्तीला एकच हापसा आहे.

वस्तीपासून वाट आधी भाताच्या खाचरांच्या बांधावरून जाते. हिवाळ्यात तिथं कापलेल्या भाताची बुडखं असतात आणि त्यावरून सायकल नेली की हाडं मोजून होतात. मग ओढा, मग झाडी. जांभूळ, हिरडा, ऐन, आणि मधेमधे अंजनी. फेब्रुवारीच्या शेवटाला अंजनीला फुलं येतात ती फांदीच्या उघड्या सालीवर. निळीजांभळी, इतकी दाट की लाकडालाच कोंब फुटल्यासारखं वाटावं. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी चालत्या सायकलवरून वर बघत राहिले आणि करवंदीच्या जाळीत गेले. वर बघायचं असेल तर उतरून बघायचं, हा या वाटांचा पहिला नियम. दुसरा नियम सहकाऱ्याच्या भाचीनं सांगितला: "मावशी, दगडाकडे बघू नका. दगडाकडे बघितलं की चाक दगडावरच जातं. दगडाच्या बाजूच्या जागेकडे बघा." ऐकायला सोपं. करायला मला दीड वर्ष लागलं.

बाकीही बरंच काही नव्यानं शिकावं लागलं. डांबरावर आपण टायर टणक करून घेतो. इथं हवा मुद्दाम कमी ठेवायची, माझ्या वजनाला पंचवीस पीएसआयच्या आसपास, म्हणजे टायर दबून जमिनीला धरतो. फार कमी केली की दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. चढावर पुढे वाकायचं, पण इतकंही नाही की मागच्या चाकावरचं वजन जाईल, कारण तांबड्या मातीत मागचं चाक मग नुसतंच फिरतं. उतारावर सीटवर बसायचंच नाही. पेडलवर उभं राहायचं, टाचा खाली, कंबर मागे. सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर पुढचा ब्रेक दाबला की काय होतं त्याची खूण माझ्या डाव्या कोपरावर आहे.

या सगळ्यात माझ्या हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. या वाटा फार चांगल्या आहेत. सुंदर तर आहेतच, पण मी म्हणतेय ते आखणीबद्दल. परदेशात सायकलींसाठी मुद्दाम वाटा बांधतात आणि त्याचं आता एक शास्त्र झालंय. त्यातला एक ठोकताळा असा की वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा. जास्त असला तर पावसाचं पाणी वाट ओलांडून खाली जायच्या ऐवजी वाटेतूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. म्हणून वाट डोंगराच्या कुशीनं आडवी न्यायची, तिला दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, आणि चढता चढता मधेच जरा उतरवायची, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला जागा मिळते. आमच्या तळ्याकाठची ढोरवाट अगदी तशीच आहे. आडवी जाते, ओढ्यापाशी किंचित खाली उतरते, पलीकडे परत चढते. पुण्यात वर्षभरात सरासरी सातेकशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या बाजूला चांगल्या जुलैत तेवढा आठवड्याभरात पडून जातो. तो पाऊस सोसून ही वाट हातभर रुंदीची, साबूत आहे. आखली कुणी? म्हशींनी. पोटात चारा आणि मागे काठीवाला असलेली म्हैस उगाच सरळ चढत नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत माझी चेन तुटली. चढावर गिअर बदलताना 'कट्' असा आवाज आला आणि पाय एकदम हलके झाले. जोडकडी आणि चेनचं हत्यार दोन्ही सहकाऱ्याच्या पाठपिशवीत, आणि तो व भाची पुढे, बहुतेक दोन ओढ्यांपलीकडे. फोनला रेंज नाही. मी सायकल ढकलत एका उघड्या माळावर आले. तिथं एक आजोबा पाच म्हशी सोडून जांभळीखाली बसले होते. त्यांनी आधी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत सायकलकडे.

"मडगार्ड न्हाई, क्यारेज न्हाई, घंटी बी न्हाई. कितीला दिली?"

मी निम्मी किंमत सांगितली. तरी त्यांनी तोंडात बोट घातलं.

चेन तुटल्याचं सांगितल्यावर मात्र ते उठले. कुठल्याशा फटीत ठेवलेला एक खिळा घेऊन आले, एक सपाट दगड मांडला, दुसरा हातात घेतला. वाकलेली कडी शोधली आणि तिच्या शेजारची पिन खिळ्यानं ठोकायला लागले. बेतानं, अगदी थोडी थोडी. "पुरती भाईर काडायची न्हाई. भाईर पडली का परत बसत न्हाई. शेवटच्या पाळीत अडकून ठिवायची." वाकलेला जोड काढला, टोकं जुळवली, पिन परत आत ठोकली, आणि जोड ताठ बसला होता तो दोन्ही हातांनी आडवा वाकवून मोकळा केला. चेन एका जोडानं आखूड झाली, त्यामुळे सगळ्यात मोठ्या दात्यावर टाकायची नाही, हे मला भाचीनं नंतर शिकवायच्या आत त्यांनीच सांगितलं.

तुम्हाला हे कसं येतं, विचारलं. तर आजोबा तरुणपणी दूध घालायचे. सायकलला दोन बाजूंना दोन कॅन, कॅरेजवर तिसरी, पौडापर्यंत. रस्ता होता तिथं रस्त्यानं, नव्हता तिथं अशाच वाटेनं. ब्रेक सळईचे, पावसात लागायचे नाहीत. उतारावर एक पाय जमिनीला घासत यायचं, वहाणेचा तळ महिन्यात जायचा. साल विचारलं तर म्हणाले, "इंदिराबाईंनी ते केलं व्हतं ना, आनीबानी, तवा."

घरी आल्यावर मी या खेळाचा इतिहास शोधून वाचला आणि एकटीच हसले. माउंटन बायकिंगचं बाळंतपण कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायस डोंगराच्या परिसरात झालं असं सगळे मानतात. काही पोरं जुन्या, जड, जाड टायरच्या, एका गिअरच्या सायकली घेऊन आगगाडीसारखी डोंगरावरून सुटायची. पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 ची. पेडल उलटं मारून लावायचे ब्रेक उतारावर इतके तापायचे की चाकाच्या तुंब्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली आल्यावर ते नव्यानं भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचंच नाव पडलं 'रीपॅक'. 1977 मध्ये जो ब्रीझ नावाच्या तरुणानं खास या कामासाठी सायकलची चौकट बनवली, आणि 1996 मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. म्हणजे तिकडे ग्रीस जळत होतं त्याच वर्षांत आमच्या आजोबांची वहाण झिजत होती. फरक इतकाच की तिकडची मंडळी वर जाताना सायकल ट्रकमध्ये टाकून न्यायची, आणि यांच्या कॅनमधलं दूध सांडलेलं चालत नव्हतं.

पुढे त्याच मरिनमधल्या अरुंद पायवाटांवर सायकलींना मनाई झाली. चालणारे आणि घोड्यावरचे लोक वैतागले. वाट कुणाची, यावरून तिथं चाळीसएक वर्षं वाद चालू आहे.

हा प्रश्न मी आजोबांना विचारला नव्हता, पण उत्तर त्यांनी देऊन ठेवलं होतं. मी म्हटलं होतं, बाबा, तुमची वाट फार छान आहे. ते म्हणाले, "आमची कुठली? ही पान्याची वाट. आमची खाली ऱ्हायली." आणि काठीनं तळ्याकडे दाखवलं.

मुळशीचं तळं हे तळं नाही, धरण आहे, हे आम्हा पुणेकरांना माहीत असतं आणि आठवत नसतं. टाटा कंपनीनं मुंबईच्या विजेसाठी मुळा नदी अडवायचं ठरवलं, पन्नासेक गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. 16 एप्रिल 1921, रामनवमी, त्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती या लढ्यात. शाळेत आम्हाला सेनापती बापट एका ओळीत होते. सेनापती बापट रस्त्यावरून तर मी आयुष्यभर जातेय, पण ते कोणत्या सेनेचे सेनापती, हे मला चाळिशीपर्यंत कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला नाही. तीन वर्षं लढा चालला. धरण झालंच. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

या पाण्याची गंमत आहे. मुळा मुळात पूर्वेला वाहणारी नदी. पुण्यात मुठेला भेटावी, भीमेत जावी, कृष्णेत जावी आणि बंगालच्या उपसागराला मिळावी, अशी तिची जन्मपत्रिका. पण अडवलेलं पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवलंय. ते नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला पडतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला आपण हौसेनं राफ्टिंग करतो ते याच सोडलेल्या पाण्यावर. मी एकदा केलंय. होडीत ओरडताना हे पाणी मुळशीचं, असं मनातही आलं नव्हतं.

पाणी चढलं तशी खालची गावं गेली. जी माणसं लांब गेली नाहीत ती वर सरकली, डोंगराच्या कुशीला. त्यांच्याबरोबर वाटाही वर सरकल्या. तळ्याचा नकाशा बघितला तर तो हाताच्या पंजासारखा दिसतो, प्रत्येक जुन्या ओढ्यात पाण्याचं एकेक बोट शिरलेलं. पूर्वी ओढा ओलांडला की पलीकडच्या गावात. आता बोटाच्या टोकापर्यंत आत जायचं, वळसा घालायचा, परत बाहेर यायचं. आम्हा सायकलवाल्यांना जी वळणं आवडतात, ज्यांना आम्ही 'काय फ्लो आहे' म्हणतो, ती ही. आजोबांच्या आजीचं माहेर समोरच्या तीरावर होतं. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं. पाणी आल्यावर ते दिवसभराच्या चालीवर गेलं. "मंग ती गेलीच न्हाई," ते म्हणाले, आणि म्हशीला शिवी दिली.

त्या दिवसापासून वळणावर मला मजा येईनाशी झाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. येते. पण वळण मोजायची सवय लागली. एक बोट, दोन बोटं.

आता वाटा परत सरकताहेत. दिवाळीनंतर गेलो तर तिसऱ्या ओढ्यापलीकडे वाट एका तारेच्या कुंपणाशी संपली. नवीकोरी काटेरी तार, सिमेंटचे खांब, आणि पाटी. 'खाजगी मालमत्ता, आत प्रवेश केल्यास'. काय होईल ते पाटीवर मावलं नव्हतं. आत दोन झोपाळे आणि एक अर्धवट पोहण्याचा हौद. आम्ही नकाशा काढून चर्चा करत बसलो. तेवढ्यात मोळ्या घेतलेल्या तीन बाया मागून आल्या. कुंपणाशेजारी झुडपात लपवलेली एक बेचकी एकीनं काढली, खालची तार वर उचलून धरली, दोघी वाकून पलीकडे गेल्या. मोळ्या तारेवरून गेल्या. मग उरलेलीनं आमच्याकडे बघितलं.

"सायकली आडव्या करा ताई. खालनं सरकवा. आमी धरतो."

सरकवल्या. सहकारी म्हणाला, हे बेकायदा आहे. ती बाई म्हणाली, "व्हय?" आणि मोळी डोक्यावर घेऊन निघून गेली. आम्ही मात्र त्या दिवशी तो हौद दिसेनासा होईपर्यंत कुणाशी बोललो नाही. मोळी घेऊन जाणं आणि मजेसाठी जाणं यांत तारेखालून जाताना फरक पडतो, हे मला तरी जाणवलं.

अभयारण्यात आम्ही सायकली घालत नाही, तेवढं पाळतो. ताम्हिणीचं जंगल 2013 मध्ये अभयारण्य झालं, आणि शेकरू वरच्या फांदीवर घरटं बांधत असताना खालून डिस्क ब्रेकचा चित्कार यावा, हे बरं नाही. अंधारबनातून सायकल नेलेल्यांचे व्हिडिओ बघितलेत. तिथं वाट दरीच्या कडेनं जाते. मी चालतच जाऊन आले. चांगलं वाटलं.

यंदा मे महिन्यात एकटी गेले. ऊन मरणाचं, म्हणून पाचालाच घर सोडलं. घंटी बसवून घेतली होती, मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, त्या सायकलला घंटी? कुणाला सांगू नकोस." करवंदं पिकली होती. पाणी बरंच उतरलं होतं आणि काठाला तडकलेल्या गाळाचा मोठा पट्टा उघडा पडला होता. त्या पट्ट्यावर बांधांच्या ओळी दिसत होत्या. एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या, पाण्यात शिरेपर्यंत. भाताची खाचरं.

त्या बांधांच्या मधून एक चाकोरी खाली जात होती. गाडीच्या चाकांच्या दोन खाचा, कातळ वर आलेला तिथं खोल, गाळात पुसट, आणि दोन्ही कडांना मांडलेले दगड. ती शंभर वर्षांपूर्वीची बैलगाडीची, की दर उन्हाळ्यात गाळ न्यायला येणाऱ्या ट्रॅक्टरची, मला सांगता येणार नाही. दगड मात्र हातानं मांडलेले होते आणि जुने दिसत होते. मी वरच्या वाटेवरून सायकल वळवली आणि उजव्या खाचेत चाक घातलं. उतार अगदी सौम्य. भरलेली गाडी बैलांना रेटणार नाही इतकाच. ब्रेकला हात लावावा लागला नाही. खाली पाण्याच्या कडेला थांबले, पुढचं चाक तुंब्यापर्यंत पाण्यात. पाणी स्वच्छ होतं, आणि खाच तशीच पुढे उतरत गेलेली दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

मागून खुरांचा आवाज आला. आजोबांच्या म्हशी होत्या. आजोबा वर जांभळीखाली बसले असणार, दिसले नाहीत. म्हशी माझ्या दोन्ही बाजूंनी, चाकोरी न सोडता, पाण्यात शिरल्या आणि पोटापर्यंत पाणी आलं तरी सरळ चालत राहिल्या. मी घंटी वाजवली. एकीनंही मागे बघितलं नाही.